दूधभाताच्या व्लाईचा गोपनीय करार

ती. लुटगार्डताईस,

धाकट्या हुबेर्टचा हॅसेल्टहून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींनी कबुतरांच्या शर्यतीपायी जेवणखाण सोडलं होतं, ते पुन्हा धरलं का? आम्ही मजेत. म्हणजे माझी नोकरी शाबूत आहे, आणि या आठवड्यात एवढी मजाही पुष्कळ झाली.

मंगळवारी सकाळी नऊला ब्रुसेल्सहून स्पर्धाखात्याचे सहा तपासनीस आमच्या औषध कंपनीत शिरले. संशय असा, की आमच्या जळजळीच्या गोळीचं पेटंट कच्चं आहे हे ओळखून साहेबांनी दुसऱ्या कंपनीला गुपचूप काहीतरी चारलं आणि तिची स्वस्त गोळी बाजारात येऊच दिली नाही. (साहेब देवमाणूस आहेत असं मी म्हणत नाही, पण असला कागद झाला असता तर तो मलाच टाइप करावा लागला असता, आणि मी केलेला नाही.) मी निर्धास्तपणे कॉफी पीत बसलो. अठ्ठावीस वर्षं पेटंट विभागात कारकुनी केलेल्या माणसाच्या कपाटात काय सापडणार?

आपला करार सापडला.

आठवतं ना, तू तेव्हाच म्हणाली होतीस, "बहीण-भावांत कागद कसले रे? नाही येत जा तुझ्या जत्रेत, झालं?" पण सवय जात नाही. मी कंपनीच्या छापील कागदावर लिहिलं, की पक्ष ब याने आपलं उत्पादन पाच वर्षं बाजारात आणू नये. मोबदल्यात पक्ष अ दर ईस्टरला एक हॅम आणि चोवीस बाटल्या बिअर पोचती करील. उत्पादन म्हणजे पिठाच्या गोल पारीत दूधभात भरून भाजलेली आपली गोड व्लाई आणि बाजार म्हणजे गावजत्रेतली स्पर्धा, एवढंच लिहायचं राहिलं. वर 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि तीन प्रती काढल्या.

तपासनीसांच्या प्रमुख देल्कूरबाईंनी तो दोनदा वाचला.

"हा पक्ष ब कोण?"

"माझी ताई."

"आणि हॅम म्हणजे?"

"हॅमच, बाई. डुकराचा."

"भोळेपणाचा आव आणू नका. असले सांकेतिक शब्द आम्ही रोज बघतो."

साहेब पांढरेफटक पडले आणि माझ्याकडे असं बघू लागले, की नोकरी गेलीच म्हणून मी मनात बायकोला काय सांगायचं ते जुळवायला घेतलं. उत्पादन म्हणजे खरोखर व्लाईच, हे पटवायला शेवटी एकच पुरावा उरला. कंपनीच्या कँटीनमध्ये, दोन तपासनिसांच्या पहाऱ्यात, मी व्लाई भाजली. (एकाने व्हॅनिलाच्या शेंगेचीही नोंद केली.) देल्कूरबाई पडल्या व्हेर्व्हिएच्या, तिकडची माणसं दूधभाताची थट्टा खपवून घेत नाहीत. पहिला तुकडा त्यांनी गप्प बसून खाल्ला, दुसरा डोळे मिटून, आणि तिसऱ्याला कोट काढून ठेवला. मग खो खो हसल्या. मग सगळेच हसले, साहेबांनी तर मला मिठीच मारली! ताई, चार वर्षं लागोपाठ पहिलं बक्षीस घेतानाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

दाजींना नमस्कार, कबुतरांना दाणे.

तुझा
हुबेर्ट

ता. क. बाई जाता जाता म्हणाल्या, "व्लाईला आमचा कायदा लागत नाही, पण लाज तरी वाटू द्या!" वाटली. तिन्ही प्रती फाडल्या. रविवारी जत्रेला ये. यादीत तुझं नाव मी स्वतः घातलंय.

ता. क. २. त्यांनी आणखी एक विचारलं होतं, "तुमची इतकी चांगली, तर बहिणीला थोपवायचं कशाला?" मी खरं ते सांगितलं: तिची याहून चांगली होते. आईने शिकवलं तिला. मी नुसता दारातून बघून उचललं. हे जबाबात गेलंय, खाली माझी सही आहे. तुझ्या तोंडावर म्हणणं या जन्मी जमलं नसतं, म्हणून जबाबाची प्रत सोबत जोडली आहे.

ता. क. ३. हॅमही पाठवतोय. करारातला नाही, प्रेमाचा आहे. मात्र भलताच मोठा आहे. शनिवारी सगळा संपवलास आणि रविवारी उठवेना, तर माझी काही तक्रार नाही.