तुझ्या ब्लाउजच्या टिपा

आई, आज कारखान्यात जीन्सच्या कापडाचं थान उचलताना ते छातीवर दाबलं गेलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. ते काय, सगळ्यांच्याच तोंडून निघतं. पण मी थान खाली ठेवलं आणि तशीच उभी राहिले, कारण मला खरंच तुला हाक मारायची होती. हो, उभी राहिले. तू गेलीस तेव्हा मी तुझा धाकटा मुलगा होते. आत कुठेतरी तेव्हाही मुलगीच होते, पण अंगाला ते कळायला लागून आता कुठे सात-आठ महिने होताहेत. ठाण्याला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. एक जिभेखाली विरघळवायची, एक गिळायची. आपल्या घरात हे कुणालाच माहीत नाही. तुला सांगतेय, कारण तू काही कुणाला जाऊन सांगणार नाहीस.

काय काय होतं ते ऐक, मला सांगायला दुसरं कुणी नाही. आधी अंगाचा वास बदलला. दिवसभर मशीनवर बसून घामाघूम झाले तरी तो पूर्वीचा उग्र दर्प येत नाही, माझाच शर्ट मला दुसऱ्या कुणाचा वाटतो. कातडी मऊ झाली, इतकी की जीन्सची जाड शिवण हाताला लागली तर ओरखडा उठतो. पंख्याखाली गारठायला होतं. त्या गिळायच्या गोळीने सारखी लघवीला लागते, आणि आमच्या कारखान्यात संडास एकच, तोही जिन्याखाली. आमचा सिंधी शेठ परवा म्हणाला, "साईं, तेरे को शुगर तो नहीं हुआ?" मी म्हटलं, "गर्मी है सेठ." तो गालाकडे बघून म्हणाला, "और कौनसी क्रीम लगाता है, मेरे को भी बता." सगळे हसले, मीही हसले. आवाज मात्र तोच राहिला, घोगरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी आवाज बदलत नसतो, त्याला वेगळी मेहनत करावी लागते. त्यामुळे खोलीत एकटी असले की मी बोलतच नाही.

आणि रडू! बाई गं, रडण्याचं तर विचारूच नको. तू गेलीस तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. माणसं तिरडी बांधत होती तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी सुतळी कापून देत होते. "दगड आहे हा," असं आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, आणि मलाही ते खरं वाटलं होतं. आता बघ. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने बॉबिनमध्ये दोरा भरताना तुझ्यासारखी मान वाकडी केली, एवढंच, आणि मी जिन्याखाली जाऊन हुंदके देऊन रडले. इतक्या वर्षांनी तुझं रडतेय मी. चांगलंही वाटतं आणि जीवही कासावीस होतो, कारण रडून बाहेर आलं की "काय झालं" विचारायला कुणी नसतं.

बदलापूरला, कुळगावच्या आपल्या खोलीत, दाराशी उजेडात तुझं पायमशीन होतं. शाळेतून आलं की मी त्याच्या बाजूला बसून काजं करायचे आणि बायका मापं द्यायला आल्या की भिंतीकडे तोंड करून बसायचे, तसा तुझा नियमच होता. पण कान इकडेच असायचे. आळीतली एखादी पोर वयात यायला लागली की सगळ्यांच्या आधी तुला कळायचं. तू कुणाला काही बोलायची नाहीस. तिच्या नवीन ड्रेसला छातीशी आतून मऊ अस्तर लावायचीस, न सांगता. त्या अस्तराचे जास्तीचे पैसेही घ्यायची नाहीस. पोर ड्रेस घेऊन जायची, घालायची आणि पुढच्या वेळी आली की तुझ्याकडे बघून नुसती लाजायची. एकदा मी विचारलं, "तिने सांगितलं नसताना कशाला लावलंस?" तू म्हणालीस, "या वयात सगळं खुपतं. आणि सांगवत तर काहीच नाही." गेल्या महिन्यात माझ्या तीन शर्टांना मी तसं अस्तर लावून घेतलं. माझं मीच. सुईत दोरा ओवताना वाटलं, हे काम आपलं आपण करायचं नसतं.

दहाएक वर्षांची असेन. तू पाण्याला गेली होतीस आणि खुंटीवर कुणाचातरी मोरपंखी ब्लाउज होता, नुकता शिवून झालेला. मी तो अंगात घातला. तो खांद्यांवरून खाली घसरत होता. तू हंडा घेऊन दारात आलीस. मला वाटलं, आता पट्टी बसणार. तू हंडा खाली ठेवलास, पदराला हात पुसलेस आणि चिडून म्हणालीस, "गिऱ्हाइकाचं कापड आहे ते! घामाचे डाग पडले तर काय तोंड दाखवू? काढ आधी." मी काढला. तू तो उलटापालटा बघितलास, पुन्हा इस्त्री केलीस. झालं. त्यावर आणखी काही बोलली नाहीस, बाबांनाही सांगितलं नाहीस. मुलगा असून बायकांचे कपडे घालतोस, असं तुझ्या तोंडून आलंच नाही. मी ते येण्याची वाट बघत राहिले, कितीतरी दिवस. अजूनही तुझं ते वाक्य मी उलटंपालटं करून बघते. रागावलीस ती डागांवरच ना गं?

मग तुझी गाठ. दिवसभर दुसऱ्या बायकांच्या छातीची मापं घेणारी तू, आणि स्वतःची गाठ लाजेपायी वर्षभर लपवलीस. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तू चांगली हाडापेराची बाई, बाबा तुला चेष्टेने पैलवान म्हणायचे, आणि तुझे ते रुंद खांदे जसेच्या तसे मला आले. तुझा तो विटकरी ब्लाउज तुला सैल व्हायला लागला, तेव्हा तू मला म्हणालीस, "दोन्ही बाजूंनी एकेक टीप घाल." मी मशीनवर बसून काखेखाली शिवण आत घेतली. थोड्या दिवसांनी आणखी आत. मग आणखी. एकदा मी म्हटलं, "आत कापड फार जमलंय, कापून टाकतो, टोचेल तुला." तू एकदम ओरडलीस. त्या दिवसांत तुझ्यात ओरडायची ताकद नव्हती, तरी ओरडलीस. "कापायचं नाही! कापड आत असू दे. लागतं कधीतरी." मला वाटलं तुला बरं व्हायची आशा आहे. म्हणून मी कात्री ठेवून दिली.

यंदा नवमीला मी बदलापूरला घरी गेले. तू सवाष्ण गेलीस म्हणून पितृपक्षात तुझं पान नवमीला असतं, बाबा ते एकदाही चुकवत नाहीत. मी ढगळ शर्ट घातला होता. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, माळ्यावरून आईंचं मशीन काढून द्या ना, भंगारवाला येतोय." मी वर हात घातला आणि मला ते हलेना. पूर्वी तेच मशीन मी सहज उतरवायचे. बाबा खालून बघत होते. त्यांनी मला अंगणात नेलं आणि तोंडाकडे निरखून बघत राहिले. "चेहरा असा का झालाय? ताकद गेली. मघाशी पान वाढताना रडत होतास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. गाठबिठ नाही ना कुठे?"

आई, गाठी आहेत. दोन. छातीत, दोन्ही बाजूंना, सुपारीएवढ्या, हात लावला तरी ठणकतात. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलीला येतात तशा. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिली गाठ आंघोळीला साबण लावताना हाताला लागली तेव्हा मी अंगावरचा साबण न धुताच कपडे चढवून बाहेर आले. मला तूच आठवलीस. मग नीट दाखवून आले. तुझ्यासारखी नाही, अगदी निर्धोक आहे म्हणाल्या. आनंदाची गोष्ट होती ती, माझ्यासाठी तर सणच. आणि मला तो कुणापाशी करता आला नाही. बाबांना मी काय म्हटलं? "नाही. डॉक्टरला दाखवलंय, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत." "म्हणजे थायरॉईड?" "तसंच काहीतरी." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की काय सांगू. समोरच्या काकूंनाही आहे म्हणे, त्या ठणठणीत आहेत. तेव्हापासून ते दर रविवारी फोन करून विचारतात, "थायरॉईड कसा आहे?" कोबी खाऊ नको म्हणतात. मी अंबरनाथच्या या खोलीत बसून "हो बाबा" म्हणते, आणि फोन ठेवला की स्वतःचाच राग येतो.

मशीन गेलं, पण वहिनीने एक पिशवी माझ्या हातात दिली होती. "शिवणकामाचं सामान आहे, तुमच्या उपयोगाचं." खाली दोऱ्यांच्या रिळांखाली घडी घातलेला तुझा विटकरी ब्लाउज होता. मी तो बरेच दिवस तसाच ठेवला. मग एका सुट्टीच्या दुपारी कडी लावून खिडकीशी बसले आणि टिपा उसवायला घेतल्या. सगळ्यात आतली, ती तुझ्या शेवटच्या दिवसांतली होती. माझीच टीप, घाईची, वाकडी. मग त्याच्या बाहेरची. मग त्याच्या बाहेरची. एकेक उसवत गेले तशी तू हळूहळू भरत गेलीस गं, जशी आजाराच्या आधी होतीस तशी. आत दुमडलेलं कापड उन्हात आलं तर त्याचा रंग अजून कोरा. उसवलेल्या दोऱ्यांचा एवढासा बोळा मांडीवर घेऊन मी बसून राहिले. मग उठून तो अंगात घातला. खांद्याला बसला. बाह्याही बसल्या. हा गिऱ्हाइकाचा नव्हता.

म्हणून गेल्या रविवारी मी तो ब्लाउज घालूनच फोनची वाट बघत बसले. फोन आला. "थायरॉईड कसा आहे?" मी म्हटलं, "बाबा, थायरॉईड नाहीये. मी खोटं बोलले." त्यांना "बोलले" ऐकू आलं की नाही, देव जाणे. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं कळलं. मग ते म्हणाले, "तुझ्या आईसारखं?" मी म्हटलं, "नाही. त्यातलं काही नाही. मी मरत नाहीये, बाबा. पण मी तुम्हाला वाटतो तसा राहिलेलो नाही, मला तुम्हाला समोर बसून सांगायचंय." बघ, ऐन वेळी जीभ मागे फिरलीच. ते म्हणाले, "मरत नाहीस ना? नक्की?" "नक्की." "मग ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. आज पुन्हा रविवार. कारखान्यात अर्जंट ऑर्डर होती म्हणून अर्धा दिवस गेले, आल्यापासून फोन समोर ठेवलाय. अजून तरी वाजलेला नाही. मी लावू शकते, बोट तिथपर्यंत जातंही, पण त्यांनी उचललाच नाही तर, या भीतीने मी लावत नाही. तो वाजेपर्यंत ते रागावलेत की विचार करताहेत, दोन्ही खरं असू शकतं.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे? ब्लाउजच्याच घडीत ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. तो ब्लाउज मला अजून पुरता होत नाही. खालचे हुक लागतात, छातीवरचे दोन सहजी लागत नाहीत. काखेखाली अजून एक टीप आहे, सगळ्यात बाहेरची, सरळ, बारीक टाक्यांची, तू स्वतः घातलेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, उसव की, आणखी कडेला नवी घाल, कापड त्यासाठीच ठेवलंय. माझ्या सगळ्या टिपा मी उसवल्या. ती उसवायला हात धजत नाही, तुझ्या हातचं माझ्याकडे तेवढंच आहे. म्हणून मी दम कोंडून ते दोन हुक लावते आणि श्वास घ्यावा लागेपर्यंत तशीच उभी राहते.