करंगळीएवढी जागा

सोमवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार-चमत्कार सगळे पोचले असं समज. आम्ही मजेत. भावोजींचा खोकला थांबला का? तुझा दवाखाना पुन्हा सुरू झाला, हे वाचून बरं वाटलं. इतके महिने तू कुणाचा दात उपटला नाहीस म्हणून पेशंट काही हळहळले नसतील म्हणा!

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ‘टिल्लू, हिवाळ्यात चालवायला कोणती फ्रेम घेऊ?’ एवढं साधं विचारलंस, आणि दिवसभर सायकलींत लोळणाऱ्या तुझ्या भावाला उत्तर लिहवेना.

तर ऐक. स्टीलची घे. कार्बनच्या नादी लागू नकोस, ती उन्हाळ्यात मिरवायला ठीक. स्टील जरा जड, पण खराब रस्त्याचे दणके सोसतं. हँडल थोडं उंच असू दे, मनगटावर भार येणार नाही. आणि मुख्य म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात ऐसपैस जागा हवी. जाड टायर, वर मडगार्ड, आणि दोघांच्या मधून करंगळी सहज फिरली पाहिजे. नाहीतर ओली पानं, खडी आत अडकते आणि

इथे उठून दोन फेऱ्या मारून आलो.

ताई, तुझ्या जुन्या फ्रेमच्या चिमट्यात करंगळी जात नव्हती. ती शर्यतीची फ्रेम, तिच्यात मडगार्ड बसतच नाही. तू म्हणालीही होतीस, “नसेल बसत तर राहू दे रे, दुसरी फ्रेम बघू.” पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मला चेव चढला. “मी हात लावल्यावर बसत नाही म्हणजे काय?” कानशीने मडगार्डच्या दोन्ही कडा घासल्या आणि दाबून बसवलं. मध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकलं असतं. “घासणार नाही ना?” तू विचारलंस. मी चाक गरकन फिरवून दाखवलं. कोरडं, स्वच्छ चाक ते, कशाला घासतंय! तू माझ्या पाठीवर थाप मारलीस.

सायकलवरून पडलीस त्या दिवशी ती सायकल मीच दुकानात आणली. मडगार्ड मुडपून आत गेलं होतं, त्यात पानांचा लगदा आणि एक खडा रुतला होता. चाक जागीच थांबलं असणार. मी शटर अर्धं ओढलं, सगळं उपसून काढलं, चिमटा धुतला.

मग तुला बघायला आलो. हाताला हे एवढं प्लास्टर, आणि तू मलाच म्हणालीस, “सॉरी रे, मीच पुढचा ब्रेक कचकन दाबला असेन. तुझी एवढी मेहनत वाया घालवली.” भावोजी म्हणाले, “हिला सांग, वय झालं आता.” आणि मी काय म्हणालो? “होतं असं, ताई.” तुझी संत्री खाऊन घरी गेलो. आठवलं की अजून मान वर होत नाही.

हे मी असंच दडपून टाकलं असतं. पण तू पत्रात शेवटी लिहिलंस की दातांचं मशीन हातात घेतलं की हात थरथरतो, ब्रेकच्या वेळी ज्याने दगा दिला तो पेशंटच्या तोंडात काय करेल, आणि दवाखाना बंदच करावा वाटतो. ताई, हाताने दगा दिला नाही. मी दिला.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला धीर यावा म्हणून मी थाप मारतोय असं म्हणशील. म्हणून सोबतच्या खोक्यात ते मडगार्ड पाठवलंय. टाकून द्यायचं धाडस झालं नाही, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. कानशीच्या खुणा बघ. भावोजींनाही दाखव.

फ्रेम माझ्याकडून घेऊ नकोस. तुमच्या चौकातल्या मिस्त्रीकडे जा. करंगळी घालून बघ, आणि जो तोंडावर “हे बसणार नाही, बाई” म्हणेल त्याच्याकडूनच घे.

तुझ्या हाताचं प्लास्टर बघूनही गप्प बसलेला,
तुझा टिल्लू