हिरवी टाकी

२ नोव्हेंबर

आज लिहू, उद्या लिहू करत वही उशीखाली चपटी झाली. लिहायला बसलं की पेन सापडत नाही. पेन सापडलं की खिडकीत कबुतर येतं, आणि मी कबुतराकडे बघत बसतो. तर एकदाचं लिहून टाकतो — मी मामाकडे आहे. चार दिवस राहून पुढे जाणार होतो. आलो तेव्हा अंगात हाफ शर्ट होता, आता मामाचा स्वेटर आहे.

मामाची छाती गेलीय. चार पावलं चालला की धाप लागते. डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "त्यांच्या मनासारखं करा आता." म्हणजे काय ते कळलं. मामालाही कळलंय.

५ नोव्हेंबर

मनासारखं म्हणजे पलंगाखालचं खोकं. ओढलं तर जागचं हलेना! आत गोणपाटात गुंडाळलेलं जुन्या पाणीपंपाचं छोटं इंजिन.

मामाचं सायकलचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. शेजारी त्याचा दोस्त, वेल्डर — लंब्या. दोघांनी ठरवलं, जड जुन्या सायकलीला इंजिन बसवायचं. आजोबांच्या काळातल्या मोटारसायकलीसारखी करायची. स्प्रिंगची सीट, दांडीखाली लांबट टाकी, इंजिनापासून मागच्या चाकाला पट्टा. सगळं जुळत आलं आणि भांडण झालं. कशावरून? टाकीच्या रंगावरून! मामाला लाल हवी, लंब्याला हिरवी. बोलता बोलता एकमेकांचे बाप निघाले. लंब्याने इंजिनाचा कार्बुरेटर खोलला, खिशात घातला. "आता चालव फुंकर मारून!" म्हणाला आणि गेला. तीस वर्षं झाली.

मला हसू आलं. मामा हसला नाही.

"एकदा चालू झालेलं ऐकू दे रे. मग काय व्हायचं ते होवो."

९ नोव्हेंबर

फ्रेम बोळात आहे, वाळत घातलेल्या चादरीखाली. नखांतलं काळं निघत नाही. पिस्टन जाम होता, तेल ओतून ठेवलं, आज ठोकून ठोकून सुटला. नवी रिंग चढवताना मोडली. मामा पलंगावरून ओरडला, "गाढवा, रिंग आहे ती, बांगडी नाही!" मग खोकला. किती तरी वेळ खोकला.

दुसरी रिंग आणायला गेलो तर वाटेत पुलावर क्रेन लागलेली, ती बघत उभा राहिलो. संध्याकाळ झाली तिथेच. परत आलो, मामा म्हणाला, "आलास ना? बस." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर

कार्बुरेटर सोडून सगळं बसलं. म्हटलं, मिळतात की भंगारात, दुसरा लावू. मामाने भिंतीकडे तोंड केलं.

"दुसरा लावायचा असता तर तीस वर्षांत मला सुचलं नसतं का?"



१६ नोव्हेंबर

लंब्याकडे गेलो. रेल्वे फाटकापलीकडे राहतो. उंच खरा, पण कमरेत वाकलाय. साखळी न काढता फटीतूनच बोलला.

"त्याने पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"मग त्याला पाठव."

"तो दारापर्यंतही येऊ शकत नाही हो."

त्याचा हात साखळीकडे गेला. वाटलं, आता देतोय. तर म्हणाला, "मग लाल टाकी उराशी धरून झोप म्हणावं." दार लावलं. मी तिथेच उभा. दाराखालच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. तोही हलला नव्हता.

१७ नोव्हेंबर

"भेटला का?" "घरी नव्हता, मामा."

२० नोव्हेंबर

काल इंजेक्शन द्यावं लागलं. ओठ निळे पडले होते.

आज भंगारवाल्याकडे गेलो. तसाच कार्बुरेटर मिळाला, अगदी भाऊ शोभेल असा. माझ्या तोंडाला झाकण नाही — सगळी हकिगत, मामाला काय थाप मारणार तेही, त्याला सांगून बसलो. वर म्हटलं, कुणाला बोलू नका! तो म्हणाला, "म्हणजे बोलण्यासारखं आहे."

रॉकेलमध्ये घासला, फडक्यात गुंडाळला, मामाच्या हातात दिला. "लंब्याने दिलाय."

मामाने तो छातीवर ठेवला. अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, पकडलं.

"घासूनपुसून ठेवलाय रे त्याने."

घासला मी! बोटांची सालं निघाली माझ्या.

"काही म्हणाला?"

"तब्येत विचारली."

मामाने डोळे मिटले. मी बाहेर जाऊन उगाच हवा भरत बसलो. चाकात हवा होतीच.

२१ नोव्हेंबर

"टाकी हिरवी कर."

"अरे, लाल डबा आणलाय मी!"

"हिरवी. त्याने एवढं केलं, मी एवढंही नको करू?"

केली हिरवी. रंग छान बसलाय. बघवत नाही.

२५ नोव्हेंबर

चालू झालं!

मामाला खुर्चीसकट दारात आणलं. सायकल स्टँडवर, मी वर, पेडल मारतोय. काही नाही. परत. काही नाही. पाय भरून आले, आणि एकदम फाट्‌! धूर! पट्टा घसरत होता पण चाक फिरत होतं. सगळा बोळ दणाणला. मामाने हात वर करून मला थांबू नको म्हणून खुणावलं.

बंद केल्यावर म्हणाला, "पहिली फेरी त्याची. बोलावून आण."

मी "बरं" म्हणालो.

२७ नोव्हेंबर

गेलो नाही. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मामाला सांगितलं, "येतो म्हणालाय."

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू, दुसऱ्याला तिसऱ्याचा. कुठल्याही गावात मला जमलं नाही की मी बॅग भरतो. आजही भरली.

२८ नोव्हेंबर

मामाने दाढी करायला लावली. "तीस वर्षांनी बघणार तो. निदान माणसासारखा दिसू दे." गाल इतके आत गेलेत की वस्तरा फिरवायला जीभ आतून गालाला लावून धर म्हणावं लागलं.

त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. उद्या खरं सांगेन. नाहीतर उजाडायच्या आत निघेन. दोन्हींतलं काय, ते मलाच माहीत नाही.

२९ नोव्हेंबर

लंब्या आलाय!

बॅग खांद्याला लावून मी दार उघडलं, तर हा बोळात, सायकलीजवळ. भंगारवाल्याने सगळं सांगितलं म्हणे. हातात फडकं, फडक्यात खरा कार्बुरेटर, तीस वर्षांच्या मळासकट. हिरव्या टाकीवरून बोट फिरवत होता. आतून मामा ओरडला, "कोण आहे रे?"

लंब्याने फडकं गुंडाळलं, माझ्या बॅगेत कोंबलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"मी काय काय बोललो होतो ते पटकन सांग. आत चूक व्हायला नको."

"तब्येत विचारली होतीत," मी म्हटलं.

मान हलवून तो आत गेला.