तोंडात नळी धरलेला माणूस

प्रिय ठिणगे,

या नावानं मी तुला शेवटची हाक कधी मारली ते आठवत नाही. फोनवर आपलं ठरलेलं असतं. जेवलात का, जेवलो, तू जेवलीस का, हो, बरं मग ठेवू. दोन मिनिटांत दोघंही सुटतो. म्हणून म्हटलं, आज लिहूनच बघावं. लिहिताना निदान मधेच कुणी 'ठेवू का' म्हणत नाही.

पहिली बातमी ही की तू दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं खोकं मी उघडलं. तुमच्या कंपनीचा गेम, तो चालवायचं यंत्र, आणि वर तुझी चिठ्ठी, 'वेळ मिळाला तर बघा'. वेळ मिळाला नाही असं मी तुला तीनदा सांगितलं, ते खोटं होतं. वेळ होता, मन नव्हतं. खोकं कपाटावर ठेवून दिलं आणि त्याच्यावर जुन्या चादरी रचल्या, म्हणजे दिसायलाच नको. वर्कशॉप पाच महिन्यांपूर्वी बंद केलं, हेही तुला सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षात काचेच्या नळ्यांची, निऑनची एकच पाटी केली, तीही एका माणसाला घरात भिंतीवर शोभेला लावायची होती म्हणून. बाकी सगळ्यांना त्या दिव्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या हव्यात, कात्रीनं कापायच्या आणि चिकटवायच्या. मग एके दिवशी गॅसची टाकी परत केली, कुलूप लावलं आणि घरी येऊन बसलो. बसून तरी किती बसणार? चौथ्या आठवड्यात चादरी खाली काढल्या.

हसू नकोस, पण पहिले तीन दिवस मला त्या सुरुवातीच्या खोलीतून बाहेरच पडता आलं नाही. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं बघायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. चालायला गेलो की मान वर जायची. तुमच्या त्या शहरातल्या पहिल्या खोलीचं छत मला तोंडपाठ आहे. कोपऱ्यात ओल आलीय तीही तुम्ही काढलीय, कौतुक आहे. शेवटी शेजारचा शिंपी मदतीला आला. त्यालाही काही येत नाही, पण दोन आंधळे मिळून रस्ता ओलांडतात तसे आम्ही बाहेर पडलो. तो म्हणाला, एवढा धो धो पाऊस पडतोय आणि एकाच्याही कोटाला धड बाह्या नाहीत, कुणी शिवले हे? मी लाल दिव्याला गाडी थांबवायचो, तर मागचे सगळे भोंगे वाजवायचे. माणसाच्या हाताच्या जागी लोखंडी हात, डोळ्यांच्या जागी भिंगं, आठवणी विकायची दुकानं, आणि साऱ्या शहराची मालक एक कंपनी. बंदूक मी आजवर एकदाही काढली नाही. बोलून भागत असेल तर बोलायचं, नाहीतर पळायचं. शिंपी म्हणतो, अशानं तुमचा गेम या जन्मात संपायचा नाही. मी म्हटलं, मला कुठे घाई आहे.

तू लहानपणी खेळलेल्या पहिल्या गेमची आठवण झाली. संगणक शिकवणाऱ्या वर्गाची पाटी केली होती, त्याच्या बदल्यात त्यांनी त्यांचा जुना संगणक दिला होता, तो वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ठेवला होता. तू दहा वर्षांची. सगळे मिळून सोळा रंग, पाऊस म्हणजे तिरप्या रेघा, माणूस म्हणजे बोटाच्या पेराएवढं चौकटीचं बाहुलं. त्यातही अशीच कंपनी होती, अशीच उंच इमारत, आणि तिच्या सर्वात वरच्या मजल्यावर पोचायचं होतं. नकाशा गेम दाखवायचा नाही, तो तू चौकटीच्या वहीत पेन्सिलनं काढायचीस, एक चौकोन म्हणजे एक पाऊल. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तुझ्याशेजारी बसायचो. तुझ्या टोळीत चौघं होते आणि त्यातल्या मेकॅनिकला तू 'बाबा' नाव दिलं होतंस. कंपनी लोकांकडून श्वास घेण्याचं भाडं घेते असं त्यात होतं, तेव्हा मी इतका हसलो की घास घशात अडकला. आता हसू येत नाही. परवा वीज गेली म्हणून तक्रारीला फोन केला, तर यंत्रानं एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा करत मला पाऊण तास फिरवलं आणि शेवटी माझे आभार मानून फोन ठेवला. पाऊण तासात एक माणूस भेटला नाही गं. तुमच्या त्या वाईट शहरात निदान बटण दाबलं की समोरचा काहीतरी बोलतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या शहरातल्या, तू काढलेल्या पाट्या मी बघितल्या. एकूण एक बघितल्या. मोहीम बाजूला ठेवून दोन आठवडे मी नुसता मान वर करून फिरलो, ते तर मला जमतच होतं. लाल निऑनचा आहे तसाच लाल आहे. निळ्यात पारा असतो म्हणून गारठ्यात तो उशिरा पेटतो, तसाच तो तुझ्या गल्लीत उशिरा पेटतो. नळीच्या टोकांना काजळी धरलीय. वाकवताना काच जिथे पातळ होते तिथे उजेड बारीक झालाय. हे कुणाला कळणार आहे? खेळणाऱ्यांपैकी कुणालाच नाही. मला कळलं. आधी मी शिंप्याला सांगायला लागलो आणि मग अर्ध्यावरच डोळे पुसत बसलो, तेव्हा तो बिचारा चहा करायला उठून गेला.

आणि मग ते वर्कशॉप सापडलं. बाजाराच्या मागे, पायऱ्या उतरून, जिथे कुठलीच मोहीम जात नाही. दारावर पाटी आहे, आणि तिच्यातल्या दोन अक्षरांच्या मधला जोड काळा केलेला नाही. सगळ्या शहरात ही एकच चूक. एकाच नळीतून अक्षरं वळवत नेतो आपण, आणि दोन अक्षरांमधला तुकडा काळ्या रंगानं झाकतो, म्हणजे तो पेटलेला दिसत नाही. हे काम अकराव्या वर्षापासून तुझ्याकडे होतं. चपलांच्या दुकानाच्या पाटीवर तू एक जोड विसरलीस आणि गिऱ्हाइकाच्या देखत मी तुला नको नको ते बोललो. पाटी खाली उतरवून रंग लावायला पाच मिनिटं लागली असती. मी तुला बोलण्यात त्याहून जास्त घालवली. तू रडली नाहीस, ब्रश धुतलास आणि मागच्या खोलीत निघून गेलीस. तू ते विसरली नाहीस. मी मात्र विसरलो होतो.

आत बर्नरपाशी एक माणूस पाठमोरा बसलाय. निळी ज्योत, दोन्ही हातांत काच, आणि काच चेपू नये म्हणून फुंकायची रबरी नळी तोंडाच्या कोपऱ्यात धरलेली. खांदा डावीकडे उतरलेला, माझ्यासारखाच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी बोलायचं बटण दाबलं. त्यानं मान न वळवता, नळी दातांत धरूनच सांगितलं, काम चालू आहे, नंतर ये. मला वाटलं, खरंच नंतर यायचं असेल. एक मोहीम करून आलो. काम चालू आहे, नंतर ये. पावसात आलो, सकाळी आलो, शहरातल्या सर्वात मोठ्या गुंडाला नुसतं बोलून वाटेला लावून आलो, त्याच्यासाठी बाजारातून नवी काच घेऊन आलो. काच देताच येत नाही, तसं बटणच नाही. शिंप्याच्या जावयानं शोधून सांगितलं की जगभरचे खेळणारे या माणसामागे लागलेत. कुणी म्हणतं त्याच्याकडे गुप्त मोहीम आहे, कुणी त्याच्या दारात दिवसभर बसून राहिलं. त्यांना वाटतं, एवढं बारकाईनं काढलेलं माणूस नुसतं कसं असेल. मला ठाऊक आहे, त्याच्याकडे दुसरं वाक्य नाही. तुला दुसरं कधी ऐकायलाच मिळालं नाही, तर तू लिहिणार कुठून?

तरी मी रोज जातो. सकाळी आंघोळ, चहा, आणि मग त्या पायऱ्या. मोजलं नाही, पण शंभरच्या वर वेळा त्या माणसानं मला परत पाठवलंय. यंत्रातलं चित्र आहे ते, त्याच्या बोलण्याचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं शिंपी म्हणतो. पण वाटतं. एकदा तर मी चिडून ओरडलो, अरे दोन मिनिटं मान वळवलीस तर काय काच फुटणार आहे का! आणि ओरडल्यावर तसाच बसून राहिलो, कारण मला तू दिसलीस. दहा वर्षांची, मागच्या खोलीच्या दारात, वही छातीशी धरून. तीन महिने खपून तू सर्वात वरच्या मजल्यावर पोचली होतीस, बाबा, चला, शेवट आलाय, लवकर चला. मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. हातातलं काम संपवून, हात धुऊन मी आत आलो तेव्हा पडदा काळा होता. तू वही दप्तरात भरत होतीस. झाला संपून, म्हणालीस. काय होतं शेवटी, हे मी विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर तू मला कधी बोलवायला आली नाहीस आणि मी मनाशी म्हटलं, पोरगी समंजस झाली.

काच वाकवताना नळी तोंडात असते, बोलता येत नाही, हे खरं आहे. पण काच दर अर्ध्या मिनिटाला थंड होते, ठिणगे. तेवढ्यात बोलता येतं. गिऱ्हाइकाशी बोलायचो की मी. तुझ्या आईशीही मी त्या नळीआडूनच संसार केला. ती गेली तेव्हा तू चार दिवस घरी होतीस आणि आपण दोघं फक्त आलेल्यांच्या चहाबद्दल बोललो, साखर किती, कप पुरतील का.

सात वर्षांपूर्वी तू कॅमेरा घेऊन आलीस, गेमसाठी माझे हात टिपायचे होते, बर्नरचा आवाज, ट्रान्सफॉर्मरची घरघर. मी म्हणालो, माझा धंदा मरायला टेकलाय आणि तू त्याची चित्रं काढून पोट भरणार का. हे शब्द मी तोंडात नळी नसताना बोललो. कॅमेरा पिशवीतून न काढताच तू गेलीस. मग तुमच्या त्या माणसाचे हात इतके बरोबर कसे, याचा मी खूप विचार केला. बर्नरवर काच फिरवताना माझी करंगळी बाहेर राहते, तशी त्याचीही राहते. तुला टिपायला काही नको होतं. दारात उभं राहून तुझं सगळं पाठ झालं होतं. चुकलं माझं. कारागीर म्हणून तुझ्या कामात खोट काढायला जागा नाही आणि बाप म्हणून माझ्या कामात खोटीशिवाय काही नाही. हे सांगायला मला एवढी वर्षं लागली, कारण जित्याची खोड.

आता हे का लिहिलं ते सांगतो. हे पत्र टपालानं येणार नाही. मी तुझ्या ऑफिसच्या तळमजल्यावर आहे. कालच्या गाडीनं आलो, सकाळी अकरापासून इथल्या कोचावर बसलोय. समोरच्या टेबलावरची मुलगी दोनदा विचारून गेली, वर फोन करू का. मी नको म्हणालो. तोंडानं बोलायला गेलो तर पुन्हा जेवलीस का एवढंच विचारून परत जाईन, याची मला खात्री आहे, म्हणून तिच्याकडून कागद मागून घेतले. लिहून झालं की तिच्याच हाती वर पाठवतो. तुझं काम महत्त्वाचं आहे, ते अर्धवट टाकून उठू नकोस. खाली यावंसं वाटलं नाही तरी माझी तक्रार नाही. सहाला हे दार बंद करतात म्हणे, तोवर मी आहे. उद्या नऊला उघडतं, तेव्हा येतो. परवाही येईन.

तुझाच,
बाबा