कपभर मैद्याचं वजन

रूपेशदादा,

ओट्यावर जो पाटा दिसतोय, त्याचा वरवंटा शोधत बसू नकोस. तो माझ्या पहिल्या ऑर्डरचा केक आहे.

कपावर २५० मिली छापलंय म्हणून रेसिपीतला प्रत्येक कप तू मला अडीचशे ग्रॅम करून दिलास. अरे इंजिनीअर, कपभर मैदा जेमतेम सव्वाशे ग्रॅम भरतो, साखर दोनशे. तुझ्या लेखी कपभर कापूस आणि कपभर खिळे सारखेच! कंपनीत तुला पुलांच्या जवळ जाऊ देत नाहीत ना?

आपल्या ओव्हनमधून अजून धूर येतोय, म्हणून दुसरा केक करायला सानपाड्याला सुचितामावशीकडे चाललेय. सात वाजता वरच्या मजल्यावरच्या काकू केक न्यायला येतील. मला उशीर झाला तर त्यांना बसव, आणि तुझं लग्न का जमत नाही ते विचारू दे. दोन तास कुठे गेले, त्यांना कळणार नाही.

जागृती