चिमणीच्या विरोधात एक नोंदवही

३ ऑगस्ट
पीएचडीच्या मार्गदर्शकांची यादी लागली. माझ्या नावापुढे चिमणी. सातवीत मीच तिला भूगोल शिकवला. दोन वेण्या, लाल रिबिनी, नकाशात नद्या डोंगरावर चढवायची. एकदा तासभर बाकावर उभी केली होती. आता ती डॉक्टर आणि मी एकोणसाठाव्या वर्षी तिची विद्यार्थिनी. हरकत नाही. मान ठेवेल.

२१ ऑगस्ट
ठेवला नाही. माझा विषय ‘शाळकरी मुलांना नकाशा का कळत नाही’. पहिल्याच प्रकरणावर चौतीस लाल खुणा. वर खुर्ची देऊन, चहा देऊन विचारते, “मॅडम, दोष सगळा मुलांचाच कसा?” बाकाचा सूड. मी लगेच ओळखला.

२२ ऑगस्ट, सकाळी ६
ठरलं. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला नोंदवही मिळाली आहे. भेट कधी झाली, किती वेळ, काय चर्चा, खाली दोघांच्या सह्या. वर्षाला सहा भेटी पुरतात. मी तिचा छळ शब्दशः लिहिणार, वर्षअखेर समितीसमोर वही ठेवणार आणि मार्गदर्शक बदलून मागणार. तिची तिच्याच सह्यांनी फजिती. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

९ ऑक्टोबर
भेट आठवी. दोन तास दहा मिनिटं, एकाच परिच्छेदावर. पुरावा भरपूर हवा म्हणून मीच दर आठवड्याला वेळ मागते. आज सही करण्याआधी तिने सगळं वाचलं आणि अगदी बरोबर लिहिलंय म्हणाली. किती निर्ढावलेली.

१७ जानेवारी
अंगात ताप, तरी आली. चौथा तक्ता पुन्हा करायला सांगितला. तापातही छळ सुटत नाही. उद्या थर्मासमधून सूप नेणार. शत्रू अशक्त असून चालणार नाही.

२ मार्च
चौथा तक्ता पुन्हा केला. आता नीट कळतो. श्रेय माझं.

१३ जून
भेटी त्रेचाळीस. वहीला कव्हर घातलं. अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं, त्यामुळे अपमानसुद्धा सुवाच्य. उद्या तिचा निकाल.

१४ जून
समितीने पंचवीस मिनिटं वही वाचली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बाकीच्या अठरा वह्या जवळजवळ कोऱ्या आहेत, म्हणाले, आणि विद्यार्थ्यासाठी इतकं राबणारा मार्गदर्शक आजवर पाहिला नाही. चिमणीला सगळ्या पीएचडी विभागाची प्रमुख केलं. काम वाढलं म्हणून तिचे विद्यार्थी दुसऱ्यांना दिले. मीही त्यांत. म्हणजे माझी मागणी मान्य.

बाहेर तिने माझे दोन्ही हात धरले. “मॅडम, माझ्याबद्दल एवढं कुणी कधी लिहिलं नव्हतं.”
मी नुसती मान हलवली. जिंकणाऱ्याने फार बोलू नये.

१ जुलै
नवे मार्गदर्शक भेटले. वर्षभराच्या सहाही सह्या आजच करून दिल्या, पुन्हा हेलपाटे नकोत म्हणून. फार सज्जन माणूस. तिसरं प्रकरण देऊन आले.

२९ जुलै
तिसरं प्रकरण परत आलं. वर ‘छान’. आत लाल खूण एकही नाही. पान नऊ आणि दहा माझ्याकडून मागेपुढे लागली होती. तशीच आहेत.

३० जुलै
चिमणीच्या दारावर कागद लावलाय, भेटीची वेळ आधी ठरवावी. बाहेर बसणाऱ्या क्लार्कबाईंना सांगितलं, मी तिची शिक्षिका. त्या म्हणाल्या, सगळे काहीतरी असतातच. पहिली मोकळी वेळ १९ सप्टेंबर, दहा मिनिटं.

घेतली.