बुडबुडा मधोमध

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण आठवी (नववीची पुस्तके घेतली होती), धंदा फरशीकाम, सध्या राहणार साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, वरचा पलंग, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी काही प्यायलेलो नाही आणि माझ्यामागे कोणी काठी घेऊन उभे नाही. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल माझ्या आत्याला शंका येईल. ती तिला मी पाळण्यात असल्यापासून आहे.

लिहायचे कारण असे की सोमवारपासून मला तिसाव्या मजल्यावर, बाहेरच्या बाजूने, झुल्यात उभे राहून दगडी फरशा बसवायच्या आहेत. त्याआधी कंपनी एक फॉर्म भरून घेते. त्यात वारसासाठी बोटभर चौकोन असतो. मी लिहायला लागलो तर कारकून म्हणाला, "बाबा रे, नाव लिही. पुराण लावू नकोस." म्हणून पुराण वेगळ्या कागदावर.

कलम एक. आईवडील गेल्यावर ज्या माळ्यावर मी वाढलो, तो आत्याच्या घराचा माळा मी आत्याला देत आहे. तो तिचाच आहे हे मला माहीत आहे. पण ज्याचे त्यालाच देऊन वर उपकार केल्यासारखे दाखवणे हे मी राजकारणात शिकलो.

कलम दोन. फरशी कापायचे मशीन खालच्या पलंगावरच्या रंगाऱ्याला. मूठ ढिली आहे, बोटे सांभाळ. रबरी हातोडा ज्या मिस्त्रींनी मला काम शिकवले त्यांना परत. तो मी त्यांच्याच पिशवीतून उचलला होता. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भेटले की विचारतात, "काय, माझा हातोडा बरा आहे ना?" आता त्यालाच विचारा.

बँकेत जे असेल ते आत्याला. फार नाही, तिने हुरळून जाऊ नये.

कलम तीन. पाणसळ. ही फूटभर लांबीची पट्टी. तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की समजायचे, फरशी सपाट. मला हे इतके आवडले की दोन वर्षांपूर्वी मी आमच्या वॉर्डात स्वतःचा पक्ष काढला तेव्हा निशाणी पाणसळच घेतली. पक्षाचे नाव मधला पक्ष. अध्यक्ष मी, सचिव आमच्या गल्लीतला न्हावी. घोषणा: ना डावा, ना उजवा, बुडबुडा मधोमध! लोक आम्हाला तळ्यात-मळ्यात पक्ष म्हणत. आम्ही मनावर घेतले नाही.

त्या पोटनिवडणुकीला एका बाजूला किराणा दुकानदार उभा होता. दुसऱ्या बाजूला पुरोगामी पक्षाकडून माझी सख्खी आत्या. ती घरी गणवेश शिवते आणि वीस वर्षे पक्षाच्या सतरंज्या उचलते. भांडण पाळणाघराचे होते. कारखान्यातल्या बायांची शिफ्ट सातला सुटते म्हणून आत्याला पाळणाघर आठपर्यंत उघडे हवे होते. दुकानदार म्हणे पाचला बंद करा, वीज जळते. मी भर सभेत म्हणालो, दोघांनी समजुतीने घ्या, साडेसहा करा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "अरे गाढवा, शिफ्ट सातला सुटते. साडेसहानंतर ती लेकरं काय तुझ्या बुडबुड्याने सांभाळायची?"

मी म्हणालो, "आत्या, तू फार टोकाला जातेस."

"मी टोकाला नाही जात. मी दाराशी जातेय, मूल घ्यायला."



कलम चार. पण एक गोष्ट माझ्याही बाजूने लिहून ठेवतो, कारण मेल्यावर कोणी बोलू देत नाही. मला मते पडली ती काय माझ्या तोंडाकडे बघून पडली नाहीत. आत्याच्या पक्षाची सभा ज्याने ऐकली त्याला मधला पक्ष का लागतो ते कळेल. एका सभेत मी मोजले: 'परिवर्तन' एकतीस वेळा, पाळणाघर एकदा, तेही आभार मानताना. मागे बसलेल्या बाया चपला शोधत होत्या.

कलम पाच. निकाल. दुकानदार सहाशे अठ्ठेचाळीस, आत्या सहाशे अकरा, मी चौऱ्याण्णव. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असे ऐकत आलो होतो. इथे तिसऱ्याच्या हौसेत पहिल्याचा लाभ झाला. दुकानदार फुलांचा गुच्छ घेऊन आला तो आधी माझ्याकडे. "तुमच्यासारखी तरुण मुलं राजकारणात हवीत," म्हणाला. मी फोटो काढून घेतला. तो फोटो न्हाव्याने दुकानात लावला आहे. माझ्यामागे तो आरशाच्या पाठीमागे लावावा.

त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "तू उभा राहिला नसतास तर मी आले असते निवडून."

मी म्हणालो, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं."

म्हण जुनी आहे, सगळेच वापरतात. पण सख्ख्या आत्याला, पडलेल्या दिवशी वापरत नाहीत. ती उठून शिलाई मशीनवर बसली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. त्याच आठवड्यात मी इकडे आलो. त्याला दोन वर्षे होतील. पाळणाघर पाचला बंद होते.

कलम सहा. ते चौऱ्याण्णव कोण, हे मी न्हाव्याकडून फोनवर काढले. खुर्चीत बसलेला माणूस त्याच्यापासून काही लपवत नाही. बावन्न आत्याचे होते, वीस दुकानदाराचे, बाकी बावीस मी नसतो तर घरी झोपले असते. म्हणजे मी उभा नसतो तरी आत्या पाच मतांनी पडली असती. मला इतका आनंद झाला की रंगाऱ्याला उठवून सांगितले.

मग आठवले. वरच्या चाळीतले सहा म्हातारे दर निवडणुकीला माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरत आणि आत्याला मत देत. गेल्या वेळी मी माझे पत्रक वाटत होतो. ते सहाही वरच बसून राहिले. पाचापेक्षा सहा किती जास्त होतात ते आठवी पासालाही येते. तर आत्या, नुसती मी तुझी मते खाल्ली म्हणून तू पडली नाहीस. मी तुझा जिनाही सोडला म्हणून पडलीस. मिशांचे मी मागे घेतो.

कलम सात. मधला पक्ष मी न्हाव्याच्या नावे करत आहे, पण एका अटीवर. यंदा उमेदवार द्यायचा नाही. सगळा पक्ष, म्हणजे तो आणि त्याचा मेहुणा, आत्याच्या सभेत शेवटच्या रांगेत बसेल. 'परिवर्तन' तिसऱ्यांदा ऐकू आले की हात वर करून विचारायचे, "पाळणाघर किती वाजेपर्यंत?" आत्या चिडेल. विचारत राहायचे.

कलम आठ. पाणसळ आत्याला, आणि सोबत एक कबुली. एकोणिसाव्या वर्षी मी तिची न्हाणी केली, माझे पहिले काम. बुडबुडा इतका मधोमध की मिस्त्रींना मुद्दाम बघायला बोलावले. ते म्हणाले, "छान. पण न्हाणीला ढाळ लागतो रे. सपाट फरशीवर पाणी जाणार कुठं?" तेव्हापासून पाणी उंबऱ्याशी साचते आणि आत्या रोज खराट्याने लोटते. न्हाव्याने दुसरा गवंडी आणतो म्हटले तर त्याला म्हणाली, "राहू दे. पोराचं पहिलं काम आहे." हे मला न्हाव्याने गेल्या महिन्यात सांगितले. आमचे बोलणे बंद असताना ती हे म्हणाली.

कलम नऊ. या पाकिटावर मी 'माझ्या मृत्यूनंतर उघडावे' असे लिहून ते आत्याला पाठवत आहे. तिने माझ्या निकालाचे पाकीट शाळेच्या फाटकातच फोडले होते. तेव्हा आत्या, तू हे वाचते आहेस आणि मी धडधाकट आहे. मतदानाला चार दिवसांची रजा मिळाली आहे. म्हाताऱ्यांपैकी दोघे गेले, चार आहेत, त्यांना मी उतरवतो. त्याआधी तुझी फरशी फोडतो. फोन नको करूस, तुला अवघड जाईल. न्हाणीतली बादली तेवढी बाहेर काढून ठेव. मी समजेन.

सही (स्वतःच्या हाताने, झोकात)

साक्षीदार पहिला, क्रेनवाला: माझ्यासमोर सही केली. हातोडा जिवंतपणीच परत करावा असे माझे मत.

साक्षीदार दुसरा, कँटीनचा आचारी: सगळे वाचले. ढाळ कोणत्या बाजूला द्यायचा ते लिहायचे राहिले आहे.

ठिकाण: पत्र्याची खोली. दिनांक: मतदानाला सव्वीस दिवस बाकी.

ता. क. आत्या सांगेल त्या बाजूला. ती डावीकडेच सांगेल, आणि पाणी जायचे भोकही तिकडेच आहे.